‘खाली’ म्हणायचं नाही

मी लोकांना शिकवत नाही. जे लोकांना शिकवतात, त्यांना कसं शिकवायचं ते शिकवते. हे वाक्य एका दमात म्हणून बघा, म्हणजे माझ्या सासरच्यांना माझी नोकरी आजवर का समजली नाही ते कळेल. आमचे हे रेल्वेत. त्यांना कुणी विचारलं, वहिनी काय करतात, की ते सरळ म्हणतात, “कारखान्यात जाते.” संपला विषय.

कारखाना झाशीच्या बाहेर आहे, खाजगी. मालगाडीच्या डब्यांचे भाग तिथे दुरुस्तीला येतात. मी लागले टाइम ऑफिसात, हजेरी मांडायला. मग एकदा कुणाच्या तरी निरोप समारंभात मी चार वाक्यं हिंदीत न अडखळता बोलले आणि मोठ्या साहेबांना वाटलं, ही बाई प्रशिक्षण विभागात शोभेल. तीन दिवस भोपाळला एका हॉटेलात पाठवलं. खुर्च्या गोलात मांडायच्या, फळ्याकडे बघून बोलायचं नाही, प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं, आणि कुणाची चूक सांगायची असेल तर आधी एक गोड वाक्य, मग चूक, मग परत एक गोड. येताना एक कापडी पिशवी, पेन आणि प्रमाणपत्र. पिशवीतून मी बड्या बाजारातून भाजी आणायला लागले आणि प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर टांगलं. झाले मी प्रशिक्षकांची प्रशिक्षक! त्यानंतर माझ्या हाताखालून किती बॅचा गेल्या ते मोजलं नाही, पण जो आला तो पास झाला, एवढं खरं.

मग कारखान्यात नवा नियम आला. उस्ताद म्हणून जो कुणी नव्या कामगारांना शिकवेल, त्याच्याकडे प्रमाणपत्र पाहिजे. त्यासाठी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर वीस मिनिटांचा नमुना पाठ द्यायचा. आणि या नियमाखाली माझ्या पदरात पडले आमचे मिस्त्रीजी.

मिस्त्रीजी झाशी जिल्ह्यातल्या टहरौलीकडचे. साखळी ओढून वजन उचलायची जी कप्पी असते, चेनकप्पी, तिच्यावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. टनाचं धूड असं अलगद उतरवायचे की खाली अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं. पण त्यांचा डावा खांदा गेला. डॉक्टरनी सांगितलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, साखळी बंद. कारखान्यात खांदा गेलेल्या माणसाला दोनच जागा असतात, गेटवरची खुर्ची नाहीतर वर्गातला फळा. गेटवर आधीच एकाचा गुडघा गेलेला बसला होता. म्हणजे पाठात पास झाले तर उस्ताद, नापास झाले तर घरी. माझ्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, “मैडम जी, घरे बैठ के का करें?” मी मनात दहापर्यंत मोजलं आणि त्यांचं नाव नमुना पाठाच्या यादीत लिहिलं.

आता खरी भानगड सांगते. कारखाना सुरू झाला तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले एक मराठी मिस्त्री इथे कामाला आले होते. मी त्यांना पाहिलं नाही, माझ्या आधीची गोष्ट. साखळीचं सगळं काम त्यांनी शिकवलं आणि शिकवलं ते मराठीत. ते गेले, पण त्यांची भाषा कप्पीला चिकटून राहिली. आमच्या शेडमध्ये एकालाही मराठी येत नाही, पण वजन चढवताना सगळे म्हणणार “वर”, उतरवताना “खाली”, आणि थांबवायचं तर “थांब”. ‘हळू’चा ळ कुणाला जमत नाही, म्हणून ‘हलू हलू’. पहिल्यांदा मी शेडमध्ये गेले आणि घामानं निथळणारा एक बुंदेली माणूस दुसऱ्यावर “अरे थांब, थांब!” असं ओरडला, तेव्हा मी आपली जागच्या जागी थांबले होते.

ऐकायला गोड आहे, पण त्यात गोची आहे. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. जुन्या माणसांना सवय होती, पण आता नवे कामगार लांबलांबून येतात. एकदा उस्ताद ओरडला “खाली!”, नव्या माणसाला वाटलं आकडा रिकामा झाला का विचारतोय. तो म्हणाला “हाँ जी, खाली है,” आणि साखळीवरच्यानं आकडा मोकळा समजून, वर न बघताच भराभरा साखळी ओढली. वजन एका जेवणाच्या डब्यावर बसलं. डब्याची पोळी झाली. डब्याच्या जागी माणूस असता तर? दुसऱ्या दिवशी मी तक्ता लावला, लाल अक्षरात: ‘खाली’ शब्द मना है. ‘नीचे’ बोलिए. खाली माझी सही. म्हणजे तक्त्याच्या खाली. बघा, जातो का हा शब्द तोंडातून!

मिस्त्रीजींनी तक्ता वाचला, मग माझ्याकडे बघितलं. “मैडम जी, जा तो आपई की बोली आय.” म्हणजे, ही तर तुमचीच भाषा.

मला कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं या गावात काढली. घरात मी मराठीत विचारते आणि लेक हिंदीत उत्तर देते. ह्यांची मराठीसुद्धा आता “मैं बोल्लो ना” अशी झालीय. बाहेर कुठे माझी भाषा कानावर पडत असेल तर ती त्या शेडमध्ये, त्या साखळीवर. आणि तिचा एक शब्द मीच लाल शाईनं बंद केला. पण नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, “मिस्त्रीजी, बोली मेरी है, पर जान सबकी है.” माझं मलाच ते वाक्य फार आवडलं. मी ते वहीत लिहून ठेवलं.

तयारी सुरू झाली. मी सांगितलं, वर्गात शिरल्या शिरल्या विषयाला हात घालायचा नाही. आधी एखादा हलकाफुलका प्रश्न विचारायचा, म्हणजे लोक मोकळे होतात. मिस्त्रीजी म्हणाले, “हओ.” बुंदेलीत ‘हओ’ म्हणजे हो, पण मिस्त्रीजींच्या तोंडी त्याचा अर्थ ‘मला काही कळलं नाही, तुम्ही पुढे बोला’ असाही होतो. सरावाला चार कामगार बसवले. मिस्त्रीजी उभे राहिले, घसा खाकरला आणि हलकाफुलका प्रश्न विचारला, “तुममें से किस-किस की उँगली कटी है?” चौघांत एकानं हात वर केला. त्या हाताला साडेचार बोटं होती. वर्ग मोकळा व्हायचा तो चिडीचूप झाला.

मी म्हटलं, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायचं. त्यांनी एकच माणूस धरला आणि वीस मिनिटं फक्त त्याच्याच डोळ्यात बघितलं. तो बिचारा पुढच्या सरावाला आलाच नाही. चूक सांगताना आधी गोड बोलायचं म्हटलं, तर एका कामगाराला म्हणाले, “तुम्हारी कमीज अच्छी है. तुम किसी दिन मरोगे. कमीज सच में अच्छी है.”

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे भाषा. शेडमध्ये हा माणूस इतकं छान बोलायचा, शिव्यांसकट, की रस्त्यानं जाणारासुद्धा थांबून ऐकेल. पण फळ्यासमोर उभा केला की अंगात आकाशवाणी संचारायची. “प्रिय प्रशिक्षणार्थियों, अब हम भार को अधोगामी करेंगे.” मी कपाळावर हात मारला. “मिस्त्रीजी, अधोगामी कौन बोलता है?” तर म्हणतात, “मैडम जी, ‘खाली’ आपने बंद कर दिया, ‘नीचे’ मुँह में आता नईं.” खरंच येत नव्हतं. हात खाली गेला की जीभ आपोआप ‘खा’ म्हणायची.

शेवटी मी त्यांना रविवारी घरी बोलावलं. आमचं घर लक्ष्मी गेटपाशी, वरच्या मजल्यावर, रस्त्याकडे गॅलरी. गॅलरीच्या वरच्या कडीला कप्पी बांधली, दोर सोडला आणि वजन म्हणून प्रेशर कुकरमध्ये तांदूळ भरून टांगला. ह्यांना वर दोर धरायला बसवलं, मिस्त्रीजी खाली रस्त्यावर उभे राहून इशारे देणार. मी गॅलरीतून सूचना देत होते. पहिल्यांदा झालं ते “खा...नीचे.” दुसऱ्यांदा “खा...खा...नीचे.” आमच्या ह्यांचा स्वभाव मुळात चेष्टेखोर. ते वरून ओरडले, “मिस्त्रीजी, पहले तय कर लो, खाना है कि नीचे आना है!” आणि हसता हसता हातातला दोर सुटला. कुकर दाणकन खाली. शेजारणीनं खिडकीतून विचारलं, “काए, घर बदल रहे का?” कुकरला जो पोचा पडला, त्या दिवसापासून त्याची शिट्टी होत नाही, नुसता सुस्कारा सोडतो.

पण संध्याकाळपर्यंत झालं हो! बाविसाव्या खेपेला मिस्त्रीजींच्या तोंडून स्वच्छ ‘नीचे’ आलं. एकदा आलं, दोनदा आलं, मग येतच राहिलं. रस्त्यावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीजींनी चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि जाता जाता ह्यांना म्हणाले, “भाईसाहब, उस्ताद होते तो आज हमें जूता मारते.” उस्ताद म्हणजे ते जुने मराठी मिस्त्री. 

पाठाचा दिवस उजाडला. परीक्षक साहेब आले, पांढरं हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. पाठ शेडमध्येच होता. सहा शिकाऊ कामगार गोलात उभे, मधे चेनकप्पीला ब्रेकचा एक लोखंडी सिलिंडर टांगलेला. साखळीवर एक जुना कामगार उभा केला होता, कारण नव्याच्या हातात कशाला द्या म्हटलं. ही अक्कल माझी.

मिस्त्रीजींनी सुरुवात केली आणि मला घाम फुटायचा तो फुटलाच नाही. हलकाफुलका प्रश्न गाळून टाकला, देव पावला. पहिलंच वाक्य असं: “इशारा एक ही आदमी देगा. बाकी चाहे बाप खड़ा हो, चुप रहेगा.” मग सिलिंडर वर नेला. थोडक्यात, स्वच्छ, आपल्या बोलण्यात सांगत गेले. आकडा कसा तपासायचा, साखळीला पीळ आहे का कसा बघायचा, वजन हललं तर काय करायचं. एका शिकाऊला पुढे बोलावून त्याच्याकडून आकडा तपासून घेतला. चुकला, तर परत करायला लावलं. मग म्हणाले, “अब नीचे.” नीचे! एकदम खणखणीत. मी मागे उभी होते, मला टाळी वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात परीक्षक साहेबांना फोटो काढायची लहर आली. अहवालाला लागतो ना फोटो! मोबाइल डोळ्यासमोर धरून, सगळे एका चौकटीत यावेत म्हणून ते एक पाऊल मागे सरकले, मग दुसरं, मग तिसरं. आणि सरकत सरकत ते थेट त्या उतरणाऱ्या सिलिंडरखाली येऊन उभे राहिले.

माझी बोबडी वळली. आणि बोबडी वळली की माणूस आपल्या आईच्या भाषेत ओरडतो. “अहो साहेब, खाली! खाली उभे आहात! खाली, खाली!”

म्हणजे मला म्हणायचं होतं की वजनाच्या खाली उभे आहात. साहेबांना यातलं काय कळणार? ते माझ्याकडे बघून हसले आणि मलाही फोटोत घ्यायला अजून थोडे वळले. पण साखळीवरच्या त्या जुन्या कामगाराला बरोब्बर कळलं. आयुष्यभर ऐकलेला शब्द. बाई चार वेळा ओरडतायत खाली, म्हणजे घाई दिसते. त्यानं भराभरा साखळी ओढायला सुरुवात केली. मी जितकी ओरडतेय, तितका तो ओढतोय, आणि तितका सिलिंडर साहेबांच्या टाळक्याकडे येतोय!

मिस्त्रीजींनी आवाज चढवला नाही. मूठ वर केली, डाव्या हाताची, जो हात वर न्यायचा नाही असं डॉक्टरनी सांगितलं होतं, त्याच हाताची. म्हणाले, “रोको.” एकदाच. साखळी थांबली. सिलिंडर साहेबांच्या हेल्मेटच्या वीतभर वर थांबला. मग उजव्या हातानं साहेबांचा दंड धरून त्यांना अलगद बाजूला घेतलं, जसं दारात आलेल्या पाहुण्याला पायपुसण्यावरून आत घेतात.

साहेबांनी वर बघितलं. आधी चेहरा पांढरा झाला, मग तांबडा. मोबाइल खिशात गेला आणि फॉर्म बाहेर आला. “किसने बोला खाली? इस शब्द पर तो यहाँ रोक है!” बोट माझ्या तक्त्याकडे. मग स्वतःच उत्तर दिलं, “पाठ चलाने वाला उस्ताद एक, इशारा देने वाला एक. ज़िम्मेदारी उसी की.” आणि त्यांनी पेन उघडलं.

मिस्त्रीजी तिथेच उभे. डावा खांदा उजव्या हातानं दाबून धरलेला, नजर जमिनीवर. त्यांना ठाऊक होतं कोण ओरडलं ते. सहाच्या सहा शिकाऊंना ठाऊक होतं. साखळीवरचा तर माझ्याकडेच बघत होता. कुणी एक शब्द बोलेना, कारण मॅडमचं नाव कसं घ्यायचं!

आणि मीही बोलले नाही. सांगते तुम्हाला, किमान दहा आकडे होतील इतका वेळ मी मूग गिळून उभी होते. माझी सही असलेला तक्ता, भोपाळचं प्रमाणपत्र, मोठे साहेब काय म्हणतील, सगळं डोळ्यासमोरून गेलं. तेवढ्या वेळात एका माणसाची नोकरी जात होती आणि मी माझी अब्रू मोजत होते. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

“सर,” मी म्हटलं, “खाली मैंने बोला. चारों बार. इन्होंने नीचे बोला था और रोको बोला था. इनकी वजह से आप खड़े हैं.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं, तक्त्यावरच्या सहीकडे बघितलं. “आप ही की सही है?”

“हओ,” मी म्हटलं. तोंडून आता बुंदेली निघाली. मराठीची हिंमतच नव्हती राहिली.

मिस्त्रीजी पास झाले. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं की संकटात संयम उत्तम. आणि त्याच फॉर्मच्या मागच्या बाजूला माझ्याबद्दल लिहिलं: प्रशिक्षण प्रमुखांनी चेनकप्पीचा मूळ अभ्यासक्रम शिकाऊ म्हणून पूर्ण करावा. खालपासून वरपर्यंत. मोठ्या साहेबांनी तो शेरा हसत हसत मंजूर केला. घरी हे इतके हसले की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

अशा रीतीनं मिस्त्रीजींच्या पहिल्या बॅचमध्ये मी सातवी शिकाऊ. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस माझ्या उपकाराखाली आहे, मला जरा सांभाळून घेईल. कसलं काय! साखळीला ग्रीस लावायला बसवलं. आकडे पुसायला लावले. पहिल्यांदा हातात साखळी घेतली तेव्हा कळलं की ती केवढी जड असते, दस्ताने, म्हणजे हातमोजे नसले तर ओढताना तळहाताची सालं कशी निघतात, आणि टांगलेलं वजन जरासं हललं तरी छातीत कसं धस्स होतं. इतकी वर्षं मी या लोकांना खुर्च्या गोलात मांडायला शिकवत होते! मला माझाच राग आला. खरंच आला. ज्या कामाचे तक्ते लावले, त्या कामाला मी कधी बोटही लावलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी परीक्षा. एकेकानं इशारे देऊन सिलिंडर उतरवायचा. माझी पाळी आली. मी ताठ उभी राहिले, नीट आवाज लावला, हात अगदी पुस्तकातल्यासारखे. “ऊपर.” “रुको.” “नीचे.” “धीरे.” एकही शब्द चुकला नाही. सिलिंडर बरोब्बर खुणेवर टेकला. मी विजयी मुद्रेनं मिस्त्रीजींकडे वळले.

त्यांनी निकाल वाचला. सहाजण पास. मग वही मिटली आणि म्हणाले, “मैडम जी, आपने आवाज अच्छी दी.” मी मान डोलावली. “आप फेल हैं.” मग जरा थांबून, “आवाज सच में अच्छी थी.”

“फेल? क्यों?” माझा आवाज चिरकला. “एक शब्द तो बता दीजिए जो गलत हो!”

“सबद नईं, मैडम जी. आप पूरे टैम हुक देखती रहीं. हुक के नीचे कोई आदमी तो नईं, वो एक बार नईं देखा.”

 माणूस खरं बोलत होता. मला ज्यांनी भोपाळला शिकवलं त्यांनी मला नापास केलं नव्हतं. मी ज्यांना शिकवलं त्यातल्या एकालाही मी नापास केलं नव्हतं. यायचं, सही करायची, समोसा खायचा, प्रमाणपत्र घ्यायचं. ज्याच्यासाठी मी साहेबांसमोर उभी राहिले, ज्याची नोकरी वाचली ती माझ्यामुळे असं मी मनात धरून बसले होते, त्या माणसानं सगळ्यांसमोर मला नापास केलं. भीड बाळगली नाही, गोड बोलून सोडून दिलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. संतापानं रडले की कशानं, मला अजून सांगता येत नाही.

बाहेर आले तेव्हा मिस्त्रीजी एकटेच फळा पुसत होते, उजव्या हातानं.

“अगली बैच कब से है, उस्ताद?” मी विचारलं.

“सोमवार, नौ बजे,” ते न वळता म्हणाले. “दस्ताने अपने लाना.”